विझलेला दिवा काय सांगतो?

जुन्या मोटारगाडीच्या डॅशबोर्डावर दोन लहान तांबडे दिवे असतात. एक डायनमोचा आणि दुसरा ऑइलचा. आजच्या नव्या गाड्यांत अशा दिव्यांची आरासच मांडलेली असते, परंतु फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाडीत इंजिनाच्या पोटातले दुखणे चालकाला सांगण्याचे काम मुख्यतः या दोघांवरच सोपवलेले होते. किल्ली फिरवली की दोन्ही पेटतात आणि इंजिन सुरू झाले की दोन्ही विझतात. ते विझले म्हणजे सर्व ठीक आहे असे समजून आपण गाडी हाकतो. या 'समजून' शब्दाविषयी आम्हांस आज थोडे लिहावयाचे आहे. सदसद्विवेकबुद्धीविषयी आपल्या मंडळ्यांत जे बोलले जाते त्यातही हाच शब्द लपून बसलेला असतो. "माझे मन मला खात नाही," असे म्हणून मनुष्य मोकळा होतो. मन खात नसेल हे खरे, पण ते का खात नाही हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आमच्याकडे १९७६ सालची एक पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, चार सिलिंडरांची आणि १०८९ सी.सी. इंजिनाची. ज्या वाचकांनी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून प्रवास केला असेल त्यांना हिची वेगळी ओळख करून द्यावयास नको. २००३ साली टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी नोंदली गेली आणि तिची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे मृत्युलेखच छापले होते. असो.

१९९४ च्या एप्रिल महिन्यात या गाडीचा ऑइलचा दिवा लुकलुकू लागला. गाडी धावत असता नव्हे. इंजिन चांगले तापल्यावर एखाद्या चौकात थांबलो की तो डोळे मिचकावी आणि अॅक्सिलरेटर थोडा दाबला की विझे. आमच्या सौभाग्यवतींनी तो दोनदा दाखवला. तिसऱ्यांदा दाखवल्यावर आम्ही चिडलो आणि रस्त्याकडेच्या एका कारागिराकडे गाडी नेली. तो म्हणाला, "स्विच गेलाय. असले दिवे लागतच असतात." त्याने बॉनेट उघडले, इंजिनाच्या अंगावरील स्विचची वायर उपटली, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि बॉनेट बंद केले. दिवा विझला. आम्ही त्याला चहा पाजला, आणि परत येताना सौभाग्यवतींना "पाहिलेस, काही नव्हते" असेही सांगितले. हे वाक्य आम्हांस अजून आठवते, कारण ते बोलताना आम्हांस खरोखरच बरे वाटले होते.

मे महिन्यात सावंतवाडीहून एका लग्नाची मंडळी घेऊन परतताना आंबोलीचा घाट अर्धा चढलो आणि इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले. प्रथम हलके, मग लोखंडावर लोखंड आपटावे तसे. गाडी थांबली ती थांबलीच. पुढे एका ट्रकवाल्याने दोराने ओढून वर आणले, आणि दुसऱ्या दिवशी बेळगावच्या एका वृद्ध मिस्त्रीसमोर ती उभी राहिली. आम्ही त्यांना ठोक्यांची सगळी हकीकत सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतली नाही. आत बसले, इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डाकडे पाहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "हा दिवा कवापासनं पेटत न्हाई?"

आम्ही सांगितले की एक महिन्यापासून दिव्याचा काही त्रास नाही. मिस्त्री हसले नाहीत. ते म्हणाले, "त्रास न्हाई ते बरोबर. पण किल्ली दिल्यावर तो पेटाय पायजे. पेटला तर तो जिता. मग विझला तर त्याला अर्थ."

ऑइलचा दिवा विझण्याची कारणे दोन. इंजिनात ऑइलचा दाब तयार झाला की तो स्विचमधील पातळ पडद्याला ढकलतो, आतील संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. हा निरोगी अंधार झाला. परंतु बल्ब जळाला, वायर तुटली, किंवा आमच्यासारखी कोणी उपटून ठेवली, तरीही दिवा विझलेलाच दिसतो. चालत्या गाडीत बसून या दोन अंधारांतील फरक कोणालाही सांगता येणार नाही. तो कळण्याची वेळ एकच, इंजिन बंद असताना किल्ली फिरवण्याची. तो क्षण आमच्या हाती रोज सकाळी येत होता. महिनाभर रोज त्या न पेटलेल्या दिव्याने आम्हांस सांगितले की मी मेलो आहे, आणि आम्ही त्याचा अर्थ 'शांती आहे' असा केला.

डायनमोच्या दिव्याची रचना याहून निराळी, आणि विचार करावा तितकी अर्थपूर्ण आहे. या बल्बच्या एका बाजूस किल्लीच्या वाटेने बॅटरीची वीज येते आणि दुसरी बाजू डायनमोला जोडलेली असते. डायनमो थांबलेला असला की दोन बाजूंत तफावत असते, म्हणून वीज बल्बमधून वाहते आणि तो पेटतो. डायनमो फिरून बॅटरीच्या पातळीला आला की दोन्ही बाजू समान होतात, वीज वाहत नाही आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा तफावतीवर पेटतो. नव्या करारात सदसद्विवेकबुद्धीसाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचाही मूळ अर्थ 'सोबत जाणणे' असा आहे. आपण जे जाणतो आणि आपण जे करतो त्यांत अंतर पडले की आत काहीतरी तांबडे होते. आपली करणी आपल्या जाणिवेच्या उंचीला चढली तर ते विझते.

परंतु मिस्त्री लोकांना ठाऊक आहे की बॅटरी पार उतरली तरीही हा दिवा पेटत नाही. तफावत दोन प्रकारांनी मिटते. खालचे वर चढते, नाही तर वरचे खाली उतरते. ज्या मनुष्याने आपली करणी सुधारली नाही, पण आपली जाणीवच हळूहळू करणीच्या पातळीवर आणून ठेवली, त्यालाही मनाची टोचणी लागत नाही. लाच घेणारा कारकून पहिल्या वर्षी झोपत नाही आणि दहाव्या वर्षी घोरतो. त्याने लाच सोडली म्हणून तो घोरत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल ज्यांची सदसद्विवेकबुद्धी डागलेली आहे अशांविषयी लिहितो. डाग दिलेल्या कातडीला स्पर्श कळत नाही, आणि म्हणून दुखतही नाही.

आता कोणी म्हणेल की असा मनुष्य कायमचाच गेला. पवित्र शास्त्र तसे म्हणत नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा व बारावा अध्याय वाचकांनी पुन्हा एकवार शांतपणे वाचावा. दावीदाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले. त्यानंतर बथशेबाचा शोककाळ संपला, विवाह झाला, मूल जन्मले. एवढा सगळा काळ दावीद राज्य करीत होता आणि त्याच्या मनाचा दिवा पेटल्याचे एक अक्षरही तेथे नाही. ज्याने शौलाच्या झग्याचा काठ कापला म्हणून ज्याचे अंतःकरण त्याला टोचले होते, तोच हा मनुष्य!

मग नाथान आला. त्याने दावीदावर आरोप केला नाही, त्याला एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. आणि दावीदाचा राग भडकला. दिवा लख्ख पेटला! मोटारीचा ऑइलचा दिवा पेटत नसेल तर मिस्त्री पहिल्याने हेच करतो. स्विचवरची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवतो. दिवा पेटला तर बल्ब चांगला आहे, वायर चांगली आहे, दोष स्विचमध्ये आहे. नाथानाने ते टोक परक्या माणसाच्या पापाला टेकवून पाहिले. दावीदाचा न्याय जिवंत होता, फक्त तो स्वतःच्या घरापाशी येऊन तुटला होता. आम्हांस वाटते की आपल्यापैकी बहुतेकांचे असेच असते. शेजाऱ्याच्या हुंड्यावर आपण लालबुंद होतो आणि आपल्या मुलाच्या लग्नात 'त्यांनी खुशीने दिले' म्हणतो. मंडळीत सर्व एक असे आपण व्यासपीठावरून सांगतो, आणि सोयरीक ठरवताना 'मूळचे कोण?' हे हलक्या आवाजात विचारून घेतो.

येथे शब्बाथ शाळेच्या शिक्षकांशी थोडे बोलले पाहिजे, कारण लहान मुलांच्या मनात ही वायर जोडण्याचे काम पुष्कळसे त्यांच्या हाती असते. दिव्याचा उलट बिघाडही असतो. स्विचची वायर कोठेतरी सोलवटून इंजिनाला चिकटली की ऑइलचा दाब उत्तम असूनही दिवा सदैव पेटलेला राहतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. स्विचवरून वायर काढावी. तरीही दिवा पेटलेलाच असेल तर वायर वाटेत कोठे तरी चिकटली आहे. काढताच विझला तर मात्र स्विच खोटा असेल किंवा दाब खरोखरच कमी असेल. मग अंदाजाने बोलू नये, स्विचच्या जागी दाब मोजण्याचे मीटर लावून पाहावे. आमच्या त्या पहिल्या कारागिराने अर्धी परीक्षा केली आणि तिलाच दुरुस्ती म्हटले.

काही मुलांच्या मनाचा दिवा असा सदैव पेटता ठेवला जातो. रविवारी चेंडू खेळला तर पाप, प्रार्थनेत डोळे उघडले तर पाप, सिनेमाचे गाणे गुणगुणले तर पाप. पाठ सांगताना धाक सोयीचा असतो हे आम्ही अनुभवाने जाणतो, कारण आम्हीही तो पुष्कळ वापरला आहे. पण ज्या चालकासमोर दिवा रात्रंदिवस पेटलेला असतो तो एके दिवशी त्याच्याकडे पाहणेच सोडतो. खोटे बोलणे आणि डोळे उघडणे यांना एकाच रंगाचा दिवा लावला, की वीस वर्षांचा झाल्यावर तो मुलगा दोन्हींना सारखेच हसतो. पौलाने करिंथ येथील दुर्बळ मनाच्या बांधवांना हिणवले नाही, त्यांना जपावयास सांगितले हे खरे. पण त्यांचे मन तसेच दुर्बळ राहावे असे त्याने कोठेही म्हटलेले नाही.

समजा दिवा उत्तम आहे. किल्ली दिल्यावर पेटतो, इंजिन सुरू होताच विझतो. तरी काय सिद्ध झाले? ऑइलचा दिवा दाबाविषयी बोलतो, आणि तोही दाब फार खाली गेल्यावर. ऑइल काळे पडले आहे, त्यात धातूचा चुरा आला आहे, पातळी खुणेच्या खाली उतरली आहे, यातील काहीही तो सांगत नाही. त्यासाठी बॉनेट उघडून पट्टी बाहेर काढावी लागते, पुसावी लागते, पुन्हा बुडवून उजेडात पाहावी लागते. हात काळे होतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की आपले मन आपल्याला दोष देत नाही, पण तेवढ्याने आपण निर्दोष ठरत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. हे वाक्य ज्याने लिहिले त्याने एके काळी ख्रिस्ताच्या लोकांचा छळ केला होता आणि तेव्हा त्याचा दिवा विझलेलाच होता. देवाची सेवा करीत आहोत असे त्याला वाटत होते.

जॉन न्यूटन याचे उदाहरण या ठिकाणी टाळता येत नाही. 'अमेझिंग ग्रेस' हे गीत लिहिणारा म्हणून तो आपल्याला परिचित आहे. १७४८ च्या मार्च महिन्यात समुद्रातील भयंकर वादळात तो देवाकडे वळला, असे आपण मुलांना शिकवतो. पुढचा भाग आपण शिकवीत नाही. त्यानंतर, १७५० ते १७५४ या वर्षांत, तो आफ्रिकेतील गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. तो रविवारी जहाजावर खलाशांसाठी उपासना चालवी, आणि त्याच जहाजाच्या तळाशी साखळदंडांनी बांधलेली माणसे पडलेली असत. त्याने तो धंदा सोडला तो प्रकृतीच्या कारणाने. त्या काळी या धंद्याच्या योग्यतेविषयी आपल्या मनात शंकाच आली नाही, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली ती १७८८ साली, म्हणजे कप्तानगिरी सुटल्यावर चौतीस वर्षांनी. तीत त्याने स्वतःचा त्या व्यापारातील वाटा लोकांपुढे उघड कबूल केला.

आता प्रश्न असा, की १७५० सालचा न्यूटन दोषी होता काय? त्याचे मन त्याला खात नव्हते. त्याच्या भोवतालच्या समाजातही तो दिवा फारसा कोठे पेटलेला नव्हता. आम्ही यावर पुष्कळ विचार केला आहे. जुन्या गाड्यांना ब्रेकसाठी इशाऱ्याचा दिवाच नसे. ब्रेकचे तेल गळू लागले तर डॅशबोर्ड गप्प राही. पण पायाला कळे. पेडल रोजच्यापेक्षा खोल जाई, मऊ लागे. ब्रेक निकामी होऊन अपघात झाला तर 'दिवा नव्हता' ही सबब कोणत्याही चालकाने पुढे केली नाही, आणि केली असती तर कोणी ऐकली नसती. न्यूटनच्या जहाजावर दिवा नसेल, पण फळ्यांच्या खालून आवाज येत होता. तो त्याच्या कानी रोज पडत होता. म्हणून आम्हांस वाटते की तो दोषी होता, आणि त्यानेही १७८८ साली स्वतःला वगळले नाही. मनाचे ऐकणे हे मनुष्याचे कर्तव्य आहेच. पण ऐकण्याजोगे मन राखणे हेही त्याच्याच हिशेबी लिहिलेले आहे, आणि या दुसऱ्या कर्तव्यात कसूर करणाऱ्याला पहिल्याचा आडोसा घेता येत नाही.

ज्याला शिकवणारा कोणी भेटलाच नाही त्याची गोष्ट निराळी. त्याचा न्याय देव जाणे. आमची गोष्ट तशी नव्हती. आमची वायर कोणी उपटली हे आम्हांस ठाऊक होते, आणि त्याला चहा आम्हीच पाजला होता.

हे सर्व आज लिहावयाचे कारण मोटारगाडी नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा आणि त्यांच्या आसपासच्या नद्यांना महापूर आला. सीमाभागातील आमच्या लहानशा मंडळीने तेव्हा पूरग्रस्तांसाठी अर्पण गोळा केले. लोकांनी मन मोठे करून दिले. एका विधवा भगिनीने कानातले दिले. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम धान्य, चादरी आणि भांडी यांवर खर्च झाली. उरलेली पडून राहिली आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी उपासना-मंदिराच्या पत्र्यांसाठी वापरली गेली. पत्रे गळत होते हे खरे. पंचांच्या सभेत ठराव झाला आणि कार्यवाह या नात्याने तो आम्ही आमच्या हाताने लिहिला. 'तात्पुरती उसनवारी' असा शब्द आम्हीच सुचवला होता.

पंचांमध्ये टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक वडील होते. ते प्रत्येक सभेत, शेवटच्या प्रार्थनेच्या अगदी आधी, एकच प्रश्न विचारीत. "पूरनिधीचे पैसे परत कधी भरायचे?" आवाज चढवीत नसत. उत्तर मिळाले नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारीत. सभा लांबत, चहा निवे, पाळकसाहेब घड्याळाकडे पाहत. २०२१ च्या निवडणुकीत त्यांचे नाव कोणी सुचवले नाही. कोणी विरोध केला असेही नाही. नुसते सुचवले नाही. आम्हीही सुचवले नाही.

त्यानंतर सभा पाऊण तासात आटोपू लागल्या. त्या वर्षाच्या अहवालात आम्ही लिहिले की पंचांच्या सर्व सभा अत्यंत शांततेने व बंधुप्रेमाने पार पडल्या, याबद्दल देवाचे आभार.

मागील वर्षी जुनी कागदपत्रे लावताना हा अहवाल हाती आला. वाचला, आणि मिस्त्रींचा प्रश्न आठवला. दिवा कधीपासून पेटत नाही? आम्ही तारीख काढली. २०२१ च्या जूनपासून.

पुढच्या सभेत आम्ही तो प्रश्न स्वतः विचारून पाहिला. आवाज आमचा असल्यामुळे की काय, तो कोणाला फारसा लागला नाही. पाळकसाहेब म्हणाले, आता इतक्या वर्षांनी? तेव्हा आम्ही आणि आणखी एक पंच त्या वडिलांच्या घरी गेलो. त्यांना आता कमी दिसते. त्यांनी आम्हांस बसवले, सुनेला चहा ठेवायला सांगितले, आणि मंडळीतील आजारी माणसांची एकेकाचे नाव घेऊन चौकशी केली. आम्ही येण्याचे कारण सांगितले. पंचांच्या सभेत त्यांनी पुन्हा यावे, मत देण्यासाठी नसले तरी बसण्यासाठी यावे, असे म्हटले. आमच्या हातून काय झाले तेही सांगितले. ते सांगताना वाक्य नीट जुळेना.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग भिंतीला हात लावीत आत गेले आणि एक निळी वही घेऊन आले. वहीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दर महिन्याची तारीख आणि तीच रक्कम लिहिलेली होती. सभेतून गळाल्यानंतरचे महिनेही त्यात होते. ती वही त्यांनी आमच्या हाती दिली आणि विचारले, "सभा कितीला आहे?"